स्वरलिपी लिहिता येते, वाचता येत नाही

दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून सांगली-मिरजेतल्या गाण्याच्या क्लासांना पुन्हा गर्दी दिसू लागली आहे. संध्याकाळी विश्रामबागेतून चालत गेलं तरी दोन-तीन घरांतून पेटी ऐकू येते. गुणांसाठी का होईना, मुलं सुरांजवळ येतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण यांतली एखादी मुलगी निवडा, जिने दोन-तीन परीक्षा पहिल्या वर्गात काढल्या आहेत. तिच्यासमोर तिने कधीच न ऐकलेली एका आवर्तनाची, म्हणजे तालाच्या एका फेरीची, ओळ स्वरलिपीत (स्वर-ताल लिहिण्याच्या चिन्हांत) लिहून ठेवा आणि 'वाचून गा' म्हणा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "बाई, ही आम्हाला शिकवली नाही."

मुलगी खोटं बोलत नाही. तिला ती बंदिश शिकवलेली नसतेच. पण जी शिकवली आहे तिची स्वरलिपी ती पेपरात चोख लिहून येते. सोळा मात्रांचे रकाने, समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) फुली, खालीचं (टाळी नसलेल्या मात्रेचं) शून्य, कोमल स्वराखालची रेघ, सगळं जागच्या जागी. मराठी वाचता येणाऱ्या मुलाला आपण पाठ केलेलाच धडा वाचायला लावत नाही. नवं पुस्तक हातात देतो, आणि ते वाचलं तरच म्हणतो की याला वाचता येतं. संगीतात मात्र पाठ केलेली चिन्हं कागदावर उतरवण्यालाच आपण स्वरलिपीचं ज्ञान म्हणतो आणि त्याला गुण देतो. नवशिक्यांना स्वरलिपी खरोखर वाचायला शिकवली पाहिजे, त्याआधी कान तयार केला पाहिजे आणि परीक्षेने या दोन्ही गोष्टी तपासल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. आज यातलं काहीच धडपणे होत नाही.

ही मागणी मिरजेच्या परिसरातून उठायला हवी, त्याला कारण आहे. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. ते मिरजेला आले आणि इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ज्याला नीट दिसत नव्हतं त्या माणसाने पुढच्या पिढ्यांना संगीत डोळ्यांनी वाचता यावं म्हणून लिपी घडवली, पुस्तकं छापली. यामागची तळमळ समजून घ्यायला हवी. त्यांच्या गुरूंच्या पिढीने एकेका चिजेसाठी (बंदिशीसाठी) घरदार सोडून, उस्तादांच्या दारात वर्षानुवर्षं राबून विद्या मिळवली होती. चीज मिळणं न मिळणं उस्तादांच्या मर्जीवर असे. लिपी आली आणि ती मर्जी सैल झाली. दुसऱ्या बाजूला मुंबईत विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून हजाराहून जास्त बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि सहा भागांत मराठीतून छापल्या. या दोघांचे आपसांत कितीही मतभेद असोत, संगीत कुणाच्याही घरी पुस्तकाच्या रूपाने पोचावं याबाबत दोघांचं मत एकच होतं. आज ती पुस्तकं मिळतात, पण ती उघडून गाता येणारा विद्यार्थी शोधावा लागतो.

यावर जाणत्या गायकांचा आक्षेप ठरलेला आहे: "संगीत कागदावर येत नाही." तो मी हलका मानत नाही, कारण तो खरा आहे. यमनमधला निषाद षड्जाकडे कसा झुकतो, दरबारीचा गंधार किती सावकाश हलतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं) नेमकी कुठे सुटते, यातलं काहीही चौकटीत लिहिता येत नाही. आपल्याच भागात हे लिहिण्याचा, किंबहुना मोजण्याचा मोठा प्रयत्न झाला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर) १९१० साली पुस्तक काढलं. आयसीएस अधिकारी क्लेमंट्स त्यांच्यासोबत होते. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपला गळा या प्रयोगांसाठी दिला. श्रुती दाखवणारी खास पेटीसुद्धा तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती वाजवून दाखवली गेली. तिथे वाद झाला आणि ती पेटी पुढे रुळली नाही. करीम खाँसाहेबांचा सूर मात्र ध्वनिमुद्रिकांवर आजही ऐकता येतो, आणि कुठल्याही आकड्यांपेक्षा तोच जास्त शिकवतो.

म्हणजे कागदाला मर्यादा आहे हे कबूल. पण त्या मर्यादेचा आधार घेऊन वाचनच शिकवायचं नाही, हे मला पटत नाही. मराठी लिपीतही बोलण्याचा हेल येत नाही. सांगलीचा माणूस आणि मालवणचा माणूस एकच वाक्य वेगळ्या सुरात म्हणतात, आणि छापलेल्या ओळीत त्यातलं काही दिसत नाही. म्हणून आपण मुलांना अक्षरओळख करून देणं थांबवत नाही. दरबारीचा गंधार गुरूकडूनच घ्यावा लागेल, यात शंका नाही. पण ज्या मुलीला 'सा रे ग –' यातल्या रेघेची एक मात्रा धरता येत नाही, तिच्यापुढे दरबारीच्या गंधाराची काळजी आत्ताच वाहण्यात अर्थ नाही. शिवाय गुरूच मिळत नाही अशी मुलं कितीतरी आहेत. जत, आटपाडी किंवा माण-खटावच्या वाडीवरच्या मुलाला आठवड्यातून दोनदा मिरजेला येऊन तालीम घेणं परवडत नाही. त्याच्या हाती मोबाइल आहे. मोबाइलवर एका गायकाचं गाणं ऐकून तो ते हुबेहूब उचलतो, हरकतींसकट. पण आपण काय गातो आहोत, सम कुठे आहे, हा स्वर कोणता, हे त्याला सांगता येत नाही आणि दुसरं गाणं घ्यायचं तर पुन्हा पहिल्यापासून नक्कल करावी लागते. गावोगावच्या भजनी मंडळांत अफाट पाठांतर असलेली माणसं आहेत. एखाद्या म्हाताऱ्या भजनीबुवांकडे अभंगांच्या अशा चाली असतात, ज्या दुसऱ्या कुणाला येत नाहीत. त्या मंडळातल्या एका पोराला जरी ऐकलेलं लिहून घेता आलं, तरी त्या चाली बुवांच्या मागे राहतील.

आता शिकवायचं कसं? इथे मात्र माझं भांडण पुस्तकवाल्यांशी आहे. पहिल्याच तासाला वही उघडायला लावून 'स्वर सात, त्यांतले शुद्ध, कोमल, तीव्र' असं उतरवून घेणं ही चूक आहे. पहिले काही महिने वही नकोच. आधी षड्ज, म्हणजे 'सा'.

षड्ज ऐकायला तंबोऱ्यासारखं साधन नाही आणि तंबोरे घडवणारं गाव आपल्या शेजारी आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दीडशे वर्षांहून जास्त काळ हे काम चाललं आहे. शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या माणसांनी पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून वाद्यं घडवायला सुरुवात केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. तरीही इथल्या क्लासांत मुलं शिकतात ती मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर. त्याने काम भागतं, मीही वापरते. पण वर्षातून एकदा तरी मुलांना त्या गल्लीत न्यावं. कारागीर घोडीवर दोरा सरकवत जवारी (तारेची गुंजन) लावत असतो, तेव्हा केसभर फरकानेही तारेचा आवाज कसा बदलतो ते मुलं स्वतः ऐकतात. दोरा जरा मागे असला तर आवाज बोदा, जरा पुढे आला की तार बोलायला लागते. मग चार तारा जुळल्या की मुलांना डोळे मिटून शेवटच्या खर्जाच्या तारेकडे लक्ष द्यायला सांगावं. पंचमाची एक तार, जोडाच्या (मधल्या षड्जाच्या) दोन, खर्जाची (खालच्या षड्जाची) एक. गंधाराची तार त्यांत नाही. तरीही खर्ज छेडल्यावर थोड्या वेळाने, आवाज विरत असताना, गंधार ऐकू येतो. खर्जाच्या तारेच्या पाचव्या उपस्वरातून तो निघतो. कुणी वाजवलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा तो ऐकू आल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते व्याख्या पाठ केल्याने येत नाही. ज्या मुलाने गंधार असा स्वतः शोधला, त्याला पुढे कागदावरचा 'ग' हा निव्वळ एक अक्षर वाटत नाही.

कान आधी आणि चिन्ह नंतर, हा विचार आपल्यापुरताच आहे असंही नाही. युरोपात अकराव्या शतकात ग्वीदो या इटालियन साधूने गायकांना न ऐकलेली स्तोत्रं वाचून गाता यावीत म्हणून स्वरांना नावं दिली, त्यातूनच आजचं डो-रे-मी आलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेनने अक्षरांची सोपी लिपी चर्चमधल्या आणि शाळांतल्या सामान्य माणसांपर्यंत नेली. हंगेरीत झोल्टान कोदाई यांच्या विचारातून शाळाशाळांत मुलं आधी लोकगीतं गायला, हाताच्या खुणांनी स्वर ओळखायला आणि मग वाचायला शिकली. त्यांच्या पद्धतीतला 'डो' आपल्या षड्जासारखाच सरकता आहे. गळ्याला सोयीची जागा धरायची आणि तिथून सगळं मोजायचं. आपल्याला तर ही सोय आयतीच मिळाली आहे. पेटीची काळी एक धरा की पांढरी पाच, 'सा' तुमचा आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने. पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत स्वराची जागा पक्की असते. आपल्या सरगमीत दोन स्वरांमधलं अंतर लिहिलेलं असतं. नवशिक्यासाठी याहून सोपी लिपी मला तरी माहीत नाही. ती अवघड वाटते कारण ती उलट्या टोकाने शिकवली जाते.

मी क्लासमध्ये पहिलं वाचन दोन स्वरांवर घेते, सा आणि रे. मग तीन. पाच स्वर झाले की भूपातली एक ओळ फळ्यावर लिहिते:

सा सा रे ग । ग – – रे । ग प ध प । ग रे सा –

सोळा मात्रा, त्रिताल. गायचं नाही, आधी फक्त हाताने ताल धरायचा. पहिलीला, पाचवीला आणि तेरावीला टाळी, नववीला खाली. मग स्वरांची नावं नुसती बोलायची, तालात. मग गायची. मुलं कुठे अडखळतात ते आता पाठ झालं आहे. स्वर चुकत नाहीत, रेघा चुकतात. 'ग – – रे' मधल्या दोन रेघांपैकी एक मुलं हमखास गिळतात, कारण रेघेवर म्हणायला काही नसतं. एक मात्रा गेली की नवव्या मात्रेवर, जिथे हात उलटा पडायचा, तिथे 'ग' येण्याऐवजी 'प' येतो. त्या क्षणी थांबवायचं नाही. हात आणि गळा यांची गाठ चुकली हे मुलांना स्वतःला जाणवू द्यायचं. पुढच्या आवर्तनाला कुणीतरी एक मुलगी रेघेवर श्वास धरून ठेवते, बाकीच्या तिच्या मागे येतात आणि खालीच्या मात्रेवर सगळ्यांचा गंधार एकदम पडतो. मात्रा म्हणजे काय, खाली म्हणजे काय, हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही. आणि ही ओळ त्यांना कुणीच गाऊन दाखवलेली नसते, ती त्यांनी कागदावरून स्वतः मिळवलेली असते.

याच्या उलटही करून घ्यावं लागतं. मी चार स्वर गाते, त्यांनी लिहायचे. आधी चार, मग आठ मात्रांची ओळ. आपल्याकडच्या परीक्षांत ऐकून लिहिण्याला जवळजवळ स्थान नाही, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी उणीव आहे.

वाचता आलं म्हणजे समजलं, असंही नव्हे. भूप आणि देशकार घ्या. दोन्हीत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. चौकटीत लिहिलं तर एखादी ओळ दोन्ही रागांची वाटू शकते. पण भूपात गंधार वादी (रागातला मुख्य स्वर), वाटचाल खालच्या अंगाने, वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकारात धैवत वादी, गाणं वरच्या अंगाने चालतं आणि वेळ सकाळची. आपल्या लेखी परीक्षेत विद्यार्थी हे सगळं तक्त्यात लिहितो: थाट कल्याण, थाट बिलावल, वादी, संवादी, समय. गुण मिळतात. पण 'ग प ध प' या चार स्वरांत धैवतावर थांबलं तर काय होतं आणि गंधारावर परतलं तर काय होतं, हे गाऊन दाखव म्हटलं की शांतता. खरं तर हे शिकवायला दहा मिनिटं लागतात. तीच ओळ फळ्यावर ठेवायची आणि मुलांना विचारायचं, कुठे थांबावंसं वाटतं? दोन गट करायचे, एकाने गंधारावर विसावायचं, दुसऱ्याने धैवतावर. दोन वेगळे राग त्यांच्याच गळ्यातून उभे राहतात. वादी या शब्दाची व्याख्या यानंतर सांगितली तर ती पाठ करावी लागत नाही. लिपी जिथे अपुरी पडते ती जागा मुलांना दाखवायची, तर आधी लिपी त्यांच्या हातात असायला हवी.

एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती सोडवणं फारसं कठीण नाही. आपल्याकडे दोन लिप्या चालतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. पलुस्कर पद्धतीत तोच टिंब मंद्राचा (खालच्या सप्तकाचा), आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. भातखंड्यांची सम फुलीने दाखवतात, खाली शून्याने. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती एक पुस्तक या पद्धतीचं आणि दुसरं त्या पद्धतीचं पडलं, तर टिंब पाहून तो वर जाईल की खाली, हे दैवावर. पलुस्करांचा मला किती आदर आहे ते वर लिहिलंच आहे, आणि त्यांची मात्राचिन्हं भातखंड्यांपेक्षा काटेकोर आहेत हेही मान्य. तरीही नवशिक्यांसाठी सुरुवातीला एकच लिपी ठरवावी आणि ती भातखंड्यांची असावी. ती मोबाइलवर टंकायलाही सोपी जाते. दुसरी लिपी मध्यमा परीक्षेच्या सुमाराला शिकवली तर मुलांना दोन्ही कपाटं उघडता येतील.

पाश्चात्त्य वाद्यांच्या परीक्षांशी तुलना करणं काहींना आवडत नाही, पण एक आकडा सांगायलाच हवा. ब्रिटनच्या एबीआरएसएम या मंडळाच्या प्रत्यक्ष वादनाच्या परीक्षेत १५० पैकी २१ गुण समोर ठेवलेली अनोळखी ओळ वाचून वाजवण्याला आणि १८ गुण कानाच्या चाचणीला असतात. पहिल्या ग्रेडपासून. म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या पोरालाही न शिकवलेलं वाचून दाखवावं लागतं. त्यामुळे शिक्षकाला ते शिकवावंच लागतं. आपल्या मुलांची कुवत कमी आहे असं कुणी म्हणणार असेल, तर त्याने एखाद्या भजनाला बसून तिथल्या मुलांची लयीची समज पाहावी.

हे सगळं खासगी क्लासांपुरतं राहिलं तर फी भरू शकणाऱ्यांपुरतंच राहील. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांत तो माणूस आहे आणि त्याच्या हाती गाण्याचा तास खरोखर उरतो का, हे पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत विचारावं. विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. बऱ्याच ठिकाणी गाण्याचा तास म्हणजे स्नेहसंमेलनाच्या आधीची तयारी, आणि त्यातही निवडलेल्या दहा गोड गळ्यांची. बाकीच्या चाळीस मुलांनी टाळ्या वाजवायच्या. वाचायला शिकवताना गळा गोड असण्याची अट नसते. रोज परिपाठाला प्रार्थना होतेच, पेटी नसली तरी होते. त्याच प्रार्थनेचं एक कडवं महिन्याभरात स्वरलिपीत फळ्यावर यावं आणि वर्गाने ते वाचून गावं, एवढी सुरुवात कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत होऊ शकते. त्यासाठी शिक्षकांना चार दिवसांचं चांगलं प्रशिक्षण लागेल, आणि ते देऊ शकणारी अनुभवी माणसं सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड, कुठेही कमी नाहीत.

परीक्षा घेणाऱ्यांकडे माझी विनंती एवढीच आहे. प्रवेशिका परीक्षेपासून प्रात्यक्षिकात दोन गोष्टी आणाव्यात. एक, परीक्षकाने आयत्या वेळी दिलेली एका आवर्तनाची अनोळखी ओळ वाचून गाणं. दोन, परीक्षकाने गायलेली आठ मात्रांची ओळ ऐकून लिहिणं. दोन्हींना मिळून सुरुवातीला फार नको, दहा टक्के गुण पुरेत. पाठ बंदिशीची स्वरलिपी लेखी पेपरातून काढून टाकली तरी चालेल, त्याने कुणाचं नुकसान होणार नाही. काही क्लासचालक कुरकुरतील, कारण त्यांना स्वतःला हे नव्याने करावं लागेल. त्यांना एक वर्षाची मुदत द्यावी, नमुन्याच्या ओळी आधी छापून द्याव्यात. पहिल्या वर्षी निकाल खाली येईल. तो येऊ द्यावा आणि त्यासाठी गुणांची खैरात करू नये.